तारेबाहेर

मुकादमाची शिट्टी झाली तसे खडी फोडणारे हातोडे एकेक करून थांबले. महिपतीनं बोटांना गुंडाळलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर सोडलं. रबराखालची कातडी पांढरीफटक पडून सुरकुतली होती. हात धुवावा म्हटलं तर पाणी नव्हतं. टँकर दुपारीच येऊन गेला होता आणि बायकांच्या भांडणात बघता बघता रिता झाला होता.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मोहोळपासून तीन कोसांवरच्या हिंगणवाडीत विहिरींचे तळ उघडे पडले होते. गुरं कवडीमोलानं बाजारात गेली होती आणि अख्खं गाव, पाटलाची भावकीसुद्धा, दुष्काळी कामाच्या खडीवर येऊन बसलं होतं. महिपती कैकाडी एरवी तुरकाठ्यांच्या टोपल्या विणायचा, कणग्या विणायचा. यंदा तूरच उगवली नाही, तर काठ्या कुठल्या? आणि कणगी विणून तरी ती भरायला दाणा कुणाकडं होता? तेव्हा नवरा, बायको आणि लेक, तिघंही खडीवर. बसायला मात्र त्यांना ढिगाचं टोक मिळालं होतं, गावापासून थोडं बाजूला.

खडीवर सकाळी मस्टरची हजेरी व्हायची. ती सगळ्यांचीच. महिपतीला संध्याकाळी आणखी एक हजेरी होती.

बजाबाईनं, त्याच्या बायकोनं, पाट्या एकात एक घातल्या आणि झोपडीची वाट धरली. महिपती गावात वळला. पोलीस पाटलाच्या ओसरीखाली येऊन त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, डोईचं फडकं काढून काखेत धरलं आणि पायरीच्या खाली उभा राहिला.

कोंडीबा पाटील चष्मा लावून वही उघडून बसले होते.

"महिपती?"

"हाय जी."

"धोंडीराम?"

महिपतीनं मान खाली घातली. "दमलाय जी. पडलाय घरी."

पाटलांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. गेला दीड महिना हेच चाललं होतं. पाटील दुसरा प्रश्न विचारत नव्हते आणि महिपती दुसरं उत्तर देत नव्हता.

धोंडीराम दमला नव्हता. झोपडीपुढं बसून तो हातोड्याचा सैल झालेला दांडा ठोकत होता. एकवीस वर्षांचा गडी, बापापेक्षा वीतभर उंच. चौथीपर्यंत शिकलेला, सही करणारा. खडीवर सगळे अंगठे उठवायचे तेव्हा हा मस्टरवर आपलं नाव लिहायचा आणि लिहून झालं की एकदा डोळे भरून बघायचा.

"देऊन आलास सलामी?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"पाटील तुजं नाव इचारत हुते."

"इचारू देत. चन्नवीरनं सांगितलंय, त्यो कायदा कवाच उठलाय. मी जन्मलो त्याच वक्ताला. आता बोलवणं हा पाटलाचा शौक आन जाणं ही आपली खोड."

चन्नवीर म्हणजे खडीवरचा मस्टर कारकून. अक्कलकोटकडचा, बोलताना कानडी हेल काढणारा पोरगेला माणूस. वर्तमानपत्र वाचायचा आणि वाचलेलं धोंडीरामला सांगायचा. हिंदुस्थानात कुणीही कुठंही जाऊ शकतं, कुणाला विचारायची गरज नाही, असं त्यानं सांगितलं त्या दिवसापासून धोंडीराम पाटलाच्या ओसरीवर गेला नव्हता.

"कायदा उठला त्ये मला नगं सांगू," महिपती म्हणाला. "तार तोडली तवा मी तितंच हुतो."

हे खरं होतं. महिपती सोलापुरात तारेच्या आत जन्मला होता. कैकाड्यांची जातच गुन्हेगार असं सरकारनं कागदावर लिहिलेलं. तारेचं कुंपण, आत घरांच्या रांगा, फाटकावर पहारा. दिवसा गिरणीत काम, बाहेर जायचं तर पास, परतल्यावर हजेरी. तो आत वाढला, आतच त्याचं बजाशी लग्न लागलं. त्याच्या बापाची बहीण बाहेरगावी वारली तेव्हा बाप पासावाचून तिच्या मातीला गेला. तिसऱ्या दिवशी त्याला धरून आणलं. सहा महिने तो कुणाला दिसला नाही. आला तेव्हा एक पाय ओढत चालत होता, आणि पुढं मरेपर्यंत ओढतच चालला.

मग एक दिवस तार तोडली. भाषणं झाली, पेढे वाटले. माणसं तार होती तिथवर आली आणि थबकली. पहिलं पाऊल बाहेर टाकलं ते बजानं. पलीकडं चिंचेचं झाड होतं. जन्मभर ते आतून बघितलेलं. ती सरळ चालत गेली आणि पदरभर हिरव्या चिंचा घेऊन आली. "खा की! कुणी काय म्हणत न्हाय," ती हसून म्हणाली होती. महिपतीनं चिंच खाल्ली, पण तारेच्या अलीकडंच उभं राहून.

हिंगणवाडीत बिऱ्हाड आणलं त्याच आठवड्यात आताच्या पाटलांच्या वडिलांनी बोलावून घेतलं. "कैकाडी न्हवं तुमी? मग रोज दिवस मावळताना येत जा." कायदा उठला होता हे त्यांनाही माहीत असेल. पण वही तयार होती. महिपतीनं का म्हणून विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. अनोळखी मुलखात कुणीतरी आपलं नाव लिहून ठेवतंय. पुढं एकदा पिठाच्या गिरणीचा पट्टा चोरीला गेला, फौजदार आला आणि आधी कैकाड्याच्या झोपडीत शिरला. तेव्हा पाटलांनी वही दाखवली. हा त्या दिवशी इथं उभा होता, ही बघा नोंद. महिपती सुटला.

"वहीनं माजा जीव वाचवलाय," तो लेकाला सांगायचा.

"वही नसती तर धरायला आलंच नसतं कुणी," लेक म्हणायचा.

दोघांचंही खरं होतं. बजाबाई मध्ये पडायची नाही. चुलीवर रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापत राहायची.

सोमवारी दुपारी पोस्टमन खडीवरच आला. महिपतीच्या नावाचं कार्ड होतं. त्याच्या नावानं कार्ड येणं ही काही बरी गोष्ट नव्हती. धोंडीरामला वाचता येत होतं, पण अक्षर गिचमिड होतं, म्हणून चन्नवीरनं घेतलं. त्यानं आधी मनात वाचलं. मग धोंडीरामकडं बघितलं, मग हळूहळू मोठ्यानं वाचलं. जेऊरहून जावयानं, येडूनं, मास्तराकडून लिहून घेतलं होतं. महिपतीची लेक सोजर तलावाच्या कामावर माती वाहत असताना तिची कूस सातव्या महिन्यातच मोकळी झाली. मूल राहिलं नाही. सोजरला ताप आहे, उतरत नाही. आईबापाची आठवण काढते. पत्र पाहताच निघावे.

बजाबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. खडी सांडू न देता, जपून ठेवली. "चला," ती म्हणाली.

"पाटलाला सांगून येतो," महिपती म्हणाला आणि जवळजवळ पळतच गावात गेला.

ओसरी रिकामी होती. पाटलांची बायको कस्तुराबाई दारात आली. "त्ये तुळजापूरला गेल्यात. बुधवारी येतील."

"परगावी जायची चिट्ठी पायजे हुती जी. लेक लई आजारी हाय जेऊरला."

"आता चिट्ठी कोण देनार? शिक्का कपाटात हाय आन किल्ली त्येंच्या करगोट्याला."

महिपती परत आला तोवर बजाबाईनं फडक्यात चार भाकरी बांधल्या होत्या. धोंडीरामनं खडीवरून उसने पैसे आणले होते.

"पाटील बुधवारी येनार," महिपती म्हणाला.

"मग?" धोंडीरामनं विचारलं.

"परवाच्या दिवसाचा तर परश्न हाय. चिट्ठी घिऊन जाऊ."

 बजाबाई म्हणाली, "आवं, लेक हाय ती तुमची."

"हाय म्हणूनच म्हणतो. वाटंत धरलं तर कुणीच पोचनार न्हाय."

"कोण धरतंय? कशापाय?" धोंडीराम ओरडला. "बा, तू तिकीट काढनार, गाडीत बसनार, उतरनार. त्यात गुन्हा कुटला?"

 उत्तर महिपतीच्या डोक्यात नव्हतंच. ते पायांत होतं. गावची शीव, तिथला चुना लावलेला धोंडा, त्याच्या पुढं बिनचिट्ठीचं पाऊल टाकायचं म्हटलं की पिंढऱ्यांत पाणी व्हायचं. त्याला बापाचा ओढत येणारा पाय दिसायचा.

"तुमी व्हा म्होरं," तो शेवटी म्हणाला. "मी चिट्ठी घिऊन मागनं येतो."

मायलेक उन्हातच निघाली. बजाबाईनं एकदाही वळून बघितलं नाही. त्याला वाटलं होतं, एकदा तरी बघेल.

त्या संध्याकाळीही महिपती ओसरीखाली जाऊन उभा राहिला. वहाणा काढल्या, फडकं काखेत धरलं. वर कुणी नव्हतं. पाटलांची रिकामी बैठक आणि पानाचा डबा. थोडा वेळ उभा राहून तो घरात ऐकू जाईल इतपत म्हणाला, "हाय जी."

कस्तुराबाई बाहेर आली. "आरं, सांगितलं न्हवं, न्हाईत म्हणून?"

"न्हाय, आलतो म्हणून सांगा."

 तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून महिपतीला भर ओसरीपुढं अंगावर धोतर नसल्यासारखं वाटलं.

मंगळवारी तो खडीवर गेला. घरी बसून करायचं काय? हातोडा चालत होता, पण मन चालत नव्हतं. दुपारी डाव्या हाताच्या अंगठ्यावर घाव बसला आणि नख काळंनिळं झालं. चन्नवीर छत्री घेऊन जवळ येऊन उभा राहिला.

"काय रे महिपती, तू का नाही गेलास?"

"चिट्ठी न्हाय जी."

"चिट्ठी लागत नाही म्हणून किती वेळा सांगायचं?"

"तुमाला न्हाय लागत," महिपती म्हणाला. उद्धटपणा नव्हता त्यात. चन्नवीर छत्री मिटून निघून गेला.

बुधवारी दहाच्या सुमाराला पाटलांची बैलगाडी वेशीत शिरली. महिपती पहाटेपासून तिथंच बसला होता. गाडीमागं तो ओसरीपर्यंत पळत गेला. पाटलांनी ऐकून घेतलं, करगोट्याची किल्ली सोडली, कपाट उघडलं, चिट्ठी लिहिली आणि शिक्क्यावर फुंकर घालून तो कागदावर दाबला.

"कवाचं कार्ड आलंय म्हणालास?"

"सोमवारी जी."

पाटलांचा हात थांबला. "आन दोन दीस तू हितं बसून राहिलास? आरं येड्या, जायचं की! मी काय न्हाय म्हणलो असतो व्हय?"

महिपतीनं चिट्ठी दोन्ही हातांनी घेतली.  वीस वर्षं तो या पायरीखाली उभा राहत होता आणि आज पाटील म्हणत होते, जायचं की.

मोहोळला दुपारची पॅसेंजर मिळाली. चिट्ठी बंडीच्या आतल्या खिशात होती. प्रत्येक स्टेशनावर खाकी कपडा दिसला की त्याचा हात तिकडं जायचा. एका हवालदारानं त्याच्यासमोर बसून शेंगा खाल्ल्या, टरफलं त्याच्या पायाशी टाकली आणि उतरून गेला. माढा गेलं, कुर्डुवाडी गेली. चिट्ठी कुणीच मागितली नाही. जेऊरला उतरून तो कोसभर चालला. बाभळींच्या सावल्या लांब झाल्या होत्या. वस्तीच्या तोंडाशी पोहोचला तर सोजरच्या झोपडीपुढं बायका बसलेल्या दिसल्या, आणि त्यातली एक त्याला बघून उठली आणि पदर डोळ्याला लावून बाजूला झाली.

बजाबाई आत होती. जमिनीवर हात फिरवत बसली होती. जिथं लेकीला निजवलं होतं तिथं.

"काल दिवस मावळताना गेली," ती म्हणाली. "आज सकाळी माती दिली."

महिपती उंबऱ्यातच खाली बसला.

"मी पोचले तवा बोलत हुती. म्या तिचं डोस्कं इंचरलं. लई गुतावळा झालता." बजाबाईचा आवाज कोरडा होता, आटलेल्या विहिरीसारखा. "बा आला न्हाय का, म्हणाली. म्या म्हणलं, येतोय, मागंच हाय. तर दाराकडं तोंड करून निजव म्हणाली. तशीच निजवली."

बाहेर येडू, सोजरचा नवरा, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या हाताला अजून माती होती. वस्तीवर पाणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं महिपतीला आठवण झाली. "धोंडीराम कुटाय?"

बजाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. "तुमाला कळलं न्हाय व्हय?"

वाटेत एका स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली होती. धोंडीराम पाण्याला उतरला. बजाबाईनं खिडकीतून हाक मारली, लवकर ये म्हणून. घरच्या बोलीत मारली, जिभेवर तीच होती. फलाटावरच्या हवालदारानं ती बोली ऐकली आणि मान वळवली. कोण तुम्ही? कैकाडी. कुठून आलात? चिट्ठी कुठाय? धोंडीराम म्हणाला, चिट्ठी लागत नाही, कायदा उठलाय. हवालदार हसला. आठ दिवसांपूर्वी तिथं एका प्रवाशाची ट्रंक चोरीला गेली होती.

"त्याला वडून नेताना गाडी सुटाय लागली," बजाबाई म्हणाली. "म्या उतराय लागले तर वरडला, आये, तू जा, सोजरीकडं जा. मंग म्या बसले." ती थांबली. "एका लेकराला सोडून दुसऱ्याकडं गेले. दुसरंबी न्हाय राहिलं."

दुसऱ्या दिवशी महिपती त्या ठाण्यावर गेला. वहाणा बाहेर काढून पायरीखाली उभा राहिला. आतून बोलावल्यावर त्यानं चिट्ठी दोन्ही हातांवर ठेवून पुढं केली. पहिल्यांदाच कुणीतरी ती वाचली.

"महिपती कैकाडी. तू का?"

"व्हय जी."

"मग तुझं ठीक आहे." हवालदारानं चिट्ठी परत दिली. "पोराची कुठाय?"

"त्यो माजाच ल्योक हाय जी. खडीवर कामाला हुता. गावात हुता सगळे दीस."

"तू म्हणतोस. बाप दुसरं काय म्हणणार? जबाबदार माणसाचा पुरावा आण."

गजांच्या आड धोंडीराम भिंतीला पाठ लावून बसला होता. उजवा हात त्यानं सदऱ्याच्या कापडात गुंडाळून मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. त्यानं बापाला बघितलं आणि एकच विचारलं, "सोजर?"

महिपतीनं मान हलवली. धोंडीरामनं डोळे मिटले.

हिंगणवाडीला पोहोचायला शुक्रवारची सकाळ झाली. महिपती झोपडीकडं गेलाच नाही, थेट खडीवर गेला. चन्नवीर मस्टर लिहीत बसला होता.

"कारकूनसायेब, धोंडीराम त्या दिशी हितं हुता. तुमच्या मस्टरवर त्याची सही हाय. येवढं मस्टर घिऊन ठाण्यात चला."

चन्नवीरनं सगळं ऐकलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं मस्टर मिटलं आणि त्यावर हात ठेवला. "मस्टर सरकारी आहे रे. ते असं नेता येत नाही. वरून हुकूम लागतो."

"मग तुमी नुसतं चला. तोंडानं सांगा."

"माझी नोकरी कच्ची आहे, महिपती. घरी म्हातारी आई आहे." तो खडीच्या ढिगाकडं बघत बोलत होता. "मी त्याला खोटं नव्हतं सांगितलं. कायदा खरंच उठलाय."

"व्हय जी," महिपती म्हणाला. त्याला रागही आला नाही. हा माणूसही कुठल्यातरी तारेच्या आतच होता. फक्त त्याची तार दिसत नव्हती.

मग उरली ती ओसरी. पाटील जेवायला बसत होते. महिपतीचं ऐकून त्यांनी ताट सरकवलं. खुंटीवरचा कोट काढला, डोक्याला फेटा बांधला आणि वही काखेत मारली.

"पर जी," महिपती घुटमळला, "धोंडीराम तर हजेरीला येत न्हवता. दीड म्हयना झाला."

पाटलांनी वही उघडून त्याच्यापुढं धरली. महिपतीला अक्षर कळत नव्हतं. पाटलांनी बोट ठेवून दाखवलं. "ही तुजी खूण. ही त्येची. रोज हाय बघ."

"म्हंजी?"

"खडीवर दिसायचा की मला रोज. तू म्हणायचास दमलाय, मी लिहायचो हजर. उगं कशाला पोराच्या मागं लागायचं?" वही मिटत पाटील पुटपुटले, "माजा बा करत हुता, म्हणून मी करतो. न्हायतर ही वही कोन बघतंय?"

शनिवारी ठाण्यात पाटलांना खुर्ची मिळाली. चहा आला. वही उघडली गेली. "हा रोज दिवसमावळतीला माझ्या ओसरीवर येतो," पाटील ठामपणे म्हणाले. "ट्रंक गेली त्या दिवशीही आला होता. सही माझी आहे."

धोंडीरामला बाहेर आणलं होतं. तो ऐकत होता. ज्या पायरीवर तो कधी जाणार नव्हता, त्या पायरीवर रोज जातो, असं त्याच्यासमोर सांगितलं जात होतं आणि त्याला गप्प बसायचं होतं.  

"पाटील, तुम्ही हमी घेताय म्हणून सोडतो. पुन्हा बिनचिट्ठीचा फिरकला तर आमच्याकडं यायचं नाही."

"घेतो हमी."

कागद पुढं आला. सही करतोस का, असं कुणी विचारलं नाही. धोंडीरामनं उजवा हात उचलला, पण बोटं मिटेनात. तीन बोटं सुजून काळी झाली होती, वाकडी. मग त्यानं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. महिपतीनं आपला डावा अंगठा बघितला. त्याचंही नख काळं होतं, पण ते पुन्हा येणार होतं.

मोहोळच्या डॉक्टरानं हात बघितला. हाडं वेडीवाकडी बसलीत म्हणाला, सोलापूरला न्यावं लागेल. नेला, पट्टी बांधून आणला. हातोडा काही त्या हातात पुन्हा बसला नाही. खडीवर धोंडीराम आता डाव्या हातानं पाटी भरायचा आणि बजाबाई ती उचलायची. हजेरीच्या वेळी तोही इतरांसारखा अंगठा उठवायचा. चन्नवीर शाईची डबी पुढं सरकवायचा आणि दोघंही एकमेकांकडं बघायचे नाहीत.

बजाबाई महिपतीशी बोलायची. जेवलात का, पाणी आणलंय, एवढंच. सोजरचं नाव ती काढत नसे. ती तिचं नाव घेऊन रडली असती, त्याला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं महिपतीला वाटायचं.

पंधरवडा गेला. एका संध्याकाळी मुकादमाची शिट्टी झाली. माणसं उठली, पाट्या वाजल्या. महिपती बसून राहिला. बोटांचं रबर सोडून त्यानं मांडीवर ठेवलं आणि तसाच बसला.

"बा, दिवस मावळाय लागला," धोंडीराम म्हणाला.

महिपती उठला नाही.

 धोंडीरामनं डाव्या हातानं डोईचं फडकं सोडलं, झटकलं. "मी जातो. तुजंबी सांगतो."

 लेक गावाच्या वाटेला लागला. पाठ किंचित वाकलेली, फडकं काखेत. मागून बघताना महिपतीला क्षणभर कळेना, तो कुणाला बघतोय.

मग तो उठला आणि गावाच्या उलट दिशेनं चालू लागला.

शिवेचा धोंडा आला. चुना पार उडाला होता. महिपती त्याच्याजवळ थांबलासुद्धा नाही. पलीकडं गेला. पिंढऱ्यांत काही झालं नाही. पुढं करपलेली रानं, बोडकी बाभूळ, मग मोहोळचा रस्ता. कुणी हाक मारली नाही. कुणी विचारलं नाही. तो रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. अंगावर घाम होता आणि वारा लागत होता.

सोलापूरकडून धूळ उडवत एस.टी. आली. रस्त्याकडेला माणूस उभा बघून ड्रायव्हरनं ती थांबवली. कंडक्टरनं दार उघडून बाहेर मान काढली.

"चला बाबा, लवकर चढा. कुटं जायचंय?"

महिपतीनं तोंड उघडलं. त्याला मोहोळ ठाऊक होतं, माढा ठाऊक होतं, कुर्डुवाडी ठाऊक होती. वाटेवरची सगळी स्टेशनं त्याला आता पाठ होती. पण जिथं जाऊन कुणी पाणी विचारावं असं या जगात त्याचं एकच घर होतं, सोजरचं.

"आवं बाबा, कुटं?"

"कुटंच न्हाय जी," महिपती म्हणाला.

कंडक्टरनं दार ओढून घेतलं आणि घंटी मारली. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत महिपती तिथंच उभा होता.